मिशन ट्रिपला जाणं आणि मिशनरी असणं

बारा दिवस परदेशात सेवा करून आलेला तरुण चर्चच्या मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभा राहतो आणि ओळख करून देणारा म्हणतो, "आपले मिशनरी बंधू!" टाळ्या पडतात. मी गप्प बसतो, पण आतून चडफडतो. तो मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे थोड्या दिवसांच्या सेवेला, गेलेला स्वयंसेवक आहे, आणि तसं म्हणण्यात त्याला काही कमीपणा नाही.

मिशनरी म्हणजे काय, हे चर्चमध्ये वाढलेल्यांना सांगायला नको. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी १७९३ साली बंगालात उतरला आणि १८३४ साली तिथेच वारला. मधल्या एक्केचाळीस वर्षांत तो मायदेशी एकदाही गेला नाही. पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायलाच सात वर्षं लागली. १८१२ साली बंगालातल्या श्रीरामपूरच्या त्यांच्या मिशनच्या छापखान्याला आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळाली, तेव्हा तो पुन्हा कामाला बसला.

जे होईल ते तिथेच राहून निभावणं, हा खरा फरक. बाकीचे किरकोळ. मिशनरीला पाठवणारी मंडळी किंवा संस्था पोसते, स्वयंसेवक बहुधा स्वतःच्या तिकिटाचे पैसे स्वतः जमवतो. व्हिसाचं मात्र आधी विचारून घ्या: अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, भारतात तर मिशनरी व्हिसा हा वेगळाच प्रकार आहे. 

घोळ होतो तो मुदतीपाशी. थोडे दिवस गेला तो स्वयंसेवक, जास्त राहिला तो मिशनरी, असा सरळ हिशोब लोक करतात. पण अमेरिकेत सुरू झालेल्या मॉर्मन पंथातले तरुण मुलगे दोनच वर्षं जातात आणि तरीही पूर्णवेळ मिशनरी असतात. दिवस मोजण्यापेक्षा एवढं विचारा: केलेल्या कामाचं पुढे जे होईल ते निस्तरायला कोण असणार? मिशनरी निर्णय घेतो आणि तो चुकला तर लोकांची बोलणी खायलाही तिथेच असतो. स्वयंसेवक परिणाम दिसायच्या आत विमानात बसलेला असतो. म्हणून काय करायचं हे त्याने ठरवूच नये. ते यजमान मंडळीने ठरवावं.

परदेशी गटाच्या एका आरोग्य शिबिरात मी दुभाषा होतो. एका आजींचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा गटाने त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. आजींनी तिथेच पुडी सोडली, गोळ्या मोजल्या आणि विचारलं, "आणि सोळाव्या दिवशी?" मी भाषांतर केलं. टेबलापलीकडची मुलगी कसनुसं हसली आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. मुलगी बिचारी चांगली होती. शिबिराचा बेत मात्र सगळा परदेशात बसून आखलेला. तिथल्या परिचारिकेला आधी विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं की तुम्ही फक्त तपासा आणि नावांची यादी माझ्या हाती द्या, गोळ्यांचं मी बघते.

बांधकामाचं तेच. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये बाहेरच्या गटांनी घरं बांधली, त्यांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केला. घराचा खर्च साधारण दोन हजार डॉलर. ते बांधायला येणाऱ्या गटाचा खर्च, प्रवास धरून, सरासरी तीस हजार. घर परक्यांनी बांधलं की गावच्यांनी, याने त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. माझं मत विचाराल तर पैसे पाठवा आणि तिथलाच गवंडी लावा. तरी जायचंच असेल तर जरूर जा, माणसं बघा, शिका, आणि आपण शिकायला गेलो होतो असं साक्षीत सांगा.

एका कामाला मात्र मी साफ नाही म्हणतो: अनाथाश्रमात आठवडाभर मुलांना कडेवर घेऊन फोटो काढणं. तिथे बोलणी खायलासुद्धा कोणी मागे उरत नाही. गट निघतो, आठवड्याभरात लळा लागलेली मुलं दोन दिवस फाटकाशी रेंगाळतात, आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या गटाची बस येते.