उदबत्तीची काडी आणि राउटरची स्मृती

मे संपत आला की देवगडकडे संध्याकाळी वीज कडाडते आणि लाईट जाते, यात नवल काही नाही. गेल्या वर्षी लाईट परत आली, पण काकांच्या राउटरचा लाल दिवा काही विझेना. कोणीतरी सांगितलेलं, ‘रीसेट मार, होतं सुरू.’ काकांनी उदबत्तीची काडी घेतली, मागच्या बारीक भोकात घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. दोष होता रस्त्यावर, फांदी पडून तुटलेल्या केबलमध्ये. ती दुसऱ्या दिवशी जोडली गेली, तरी नेट येईना. राउटर तोवर सगळं विसरला होता.

नुसती लाईट गेल्याने तो काहीच विसरत नाही. सेटिंग फ्लॅश मेमरीत असतात. तिथे विद्युतभार विद्युतरोधक थरांच्या आत कोंडलेला असतो, त्यामुळे वीज नसतानाही वर्षानुवर्षं टिकतो. काडीने दाबलेलं बटण मात्र कारखान्यातून आला तसा कोरा राउटर हातात देतं. वायफायचं नाव नि पासवर्ड जातात ते जातात, पण खरी अडचण पीपीपीओईच्या, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन करायच्या, युजरनेम-पासवर्डची. तो केबलवाल्याने बसवताना एकदाच टाकलेला असतो आणि घरात कोणालाच ठाऊक नसतो.

म्हणून सगळं सुरळीत असतानाच बॅकअप घ्यावा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (खात्रीसाठी राउटरखालचं लेबल बघावं), आणि सिस्टिम किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पानावर बॅकअप शोधायचा. उतरते ती फाइल मोबाइलच्या फोटोपेक्षाही लहान, पण घरच्या किल्ल्यांचा जुडगाच असतो तो. काही मॉडेलांत पासवर्ड त्यात उघडे वाचता येतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ही फाइल बघा रे कोणी’ असं अजिबात करू नका. पेनड्राइव्हवर ठेवा.

ही फाइल परत चढवताना मॉडेल तेच हवं, आणि शक्यतो फर्मवेअरही, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, तेच. राउटर संगणकाला लॅन वायरने जोडावा, इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. फ्लॅशमध्ये नवं लिहिण्याआधी जुना ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. नेमकी तेव्हा लाईट गेली तर जुनंही गेलं आणि नवंही अर्धवट. दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नये. आणखी एक, जुना बॅकअप चढवला की त्या दिवशीचे पासवर्डही परत येतात, अ‍ॅडमिनचा धरून. मधल्या काळात बदललेले पुन्हा बदलावे लागतात.

आमच्याकडे मला फाइलपेक्षा कागद जास्त भरवशाचा वाटतो. फायबर काचेचं, त्यातून आभाळातली वीज येत नाही. पण अ‍ॅडाप्टरच्या वायरीतून येते आणि राउटरच जळतो. नवा वेगळ्या मॉडेलचा मिळाला, तर जुनी फाइल बहुधा निरुपयोगी. मग युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (नेट कंपनीने जोडणीसाठी दिलेला) आकडा असेल तर तो, एवढं वहीत असलं की कुठल्याही डब्यावर भागतं.

काकांचा असा कागद आता पंचांगात आहे. उदबत्तीचा पुडा काकूने टीव्हीजवळून उचलून देवघरात नेला.