वादळ ओसरल्यावर येणारी माणसं

२९ ऑगस्ट २००५. कतरिना चक्रीवादळात पूरबांध फुटले आणि अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक परतले तेव्हा सडलेल्या अन्नासकट चिकटपट्टीने बंद केलेले फ्रीज रस्त्याकडेला ओळीने उभे होते. दारांवर शोधपथकांनी रंगाने मारलेल्या फुल्या होत्या. फुलीच्या खालच्या बाजूला आत किती माणसं सापडली, त्याचा आकडा. या घरांत मास्क लावून शिरणाऱ्यांत चर्चचे स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते.

ही रीत कतरिनाच्या कितीतरी आधीची. मेनोनाइट आणि आमिश या युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या शेतकऱ्यांमध्ये कुणाचं धान्याचं कोठार जळालं की सगळा गाव जमून ते पुन्हा उभं करतो. आपल्या इर्जिकीचीच ही बहीण म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या हजारो मेनोनाइट तरुणांनी सैन्याऐवजी जंगलं, शेतं, मनोरुग्णालयं अशा ठिकाणी काम केलं. युद्ध संपलं, पण शांततेतही आपण कुणाच्या उपयोगी पडावं ही तळमळ राहिली. त्यातूनच १९५० साली कॅन्ससमधल्या हेस्टन गावी मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिसची सुरुवात झाली. दक्षिणेकडचे बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती १९६७ मध्ये टेक्ससच्या ब्यूला वादळात उतरले. त्यांनी सुरुवात केली ती वादळग्रस्तांना जेवण रांधून घालण्यापासून.

१९६९ च्या कॅमिल वादळात मात्र या चांगुलपणाची उणीव दिसली. जो तो आपापल्या परीने मदत घेऊन आला. कुठे तीच वस्तू तीनदा पोचली, कुठे काहीच नाही. म्हणून १९७० मध्ये स्वयंसेवी संस्थांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. मला हे वळण सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण नुसत्या कळवळ्याने घर उभं राहत नाही.

काम कष्टाचं असतं. आधी गाळ उपसायचा. भिंतींचे भिजलेले जिप्समचे तक्ते पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत कापून काढायचे, आतला लाकडी सांगाडा बुरशी घासून पूर्ण वाळू द्यायचा. ओल राहिली आणि वर नवा तक्ता ठोकला, तर काही महिन्यांत भिंत पुन्हा काळी पडते.

मजुरी फुकट मिळण्याला तिथे फार अर्थ होता. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या कृष्णवर्णीय वस्तीत कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या वारशाने आलेली, कागदावर नाव आजोबा-पणजोबांचंच. सातबाऱ्यावर वारसनोंद राहून गेली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यातच घरं पुन्हा बांधायला पैसे देणाऱ्या लुइझियानाच्या 'रोड होम' योजनेने अनुदान घराच्या वादळापूर्वीच्या बाजारभावाशी बांधलं. वस्ती गरीब म्हणून भाव कमी, भाव कमी म्हणून अनुदानही तुटपुंजं, आणि विटा-लाकडाचा खर्च मात्र सगळीकडे सारखाच. यावर २००८ मध्ये खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली. मधली वर्षं अनेक कुटुंबांनी हातातले पैसे सामानाला लावले आणि भिंती उभ्या केल्या त्या उत्तरेतून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि सुतारांनी. त्यांच्या गावी शेतं बर्फाखाली असतात, तो हंगाम ते दक्षिणेत घरं बांधण्यात घालवतात.