पस्तिशीची अट: प्रौढांच्या वर्गांमागचा इतिहास

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रभर प्रौढांची पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी झाली. वाचन, लेखन आणि अंकज्ञान, प्रत्येकी ५० गुण. परीक्षा केंद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, आणि बाकांवर बसलेल्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका लक्षणीय होत्या. वर्तमानपत्रांनी नातवंडांच्या बाकावर बसलेल्या आज्यांचे फोटो कौतुकाने छापले. या आज्या ऐन उमेदीत होत्या तेव्हा गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालत नव्हता का, हा प्रश्न मात्र मागे राहिला. बऱ्याच गावांत वर्ग चालत होता. पस्तिशी ओलांडली की नियमाने तो त्यांच्यासाठी नव्हता.

फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात चालवलेली रात्रशाळा आणि १८७५ पासून सुरू असलेली वसंत व्याख्यानमाला यांची माहिती वाचकांना आहे, त्यामुळे ती इथे पुन्हा देत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या दोन्ही उपक्रमांत वयाला वरची मर्यादा नव्हती. व्याख्यानाला यायला कुणाचा दाखला लागत नसे, आजही लागत नाही. नाशिकला मे महिन्यात गोदाघाटावर व्याख्यानमाला भरते, तिथे पुढच्या खुर्च्या ज्येष्ठांनीच भरलेल्या असतात. अर्थात व्याख्यान ऐकायला येणारा बहुधा आधीच शिकलेला असे. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यासाठी वेगळा वर्ग लागतो आणि तो वर्ग सरकारच्या पैशावर चालतो. वयाचा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

मुंबईत गिरणी कामगारांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच स्वयंसेवी मंडळींनी रात्रीचे वर्ग आणि फिरती वाचनालये चालवली. १९३७ मध्ये प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, त्यानंतर शहरासाठी प्रौढ शिक्षणाची स्वतंत्र समिती नेमली गेली. स्वातंत्र्यानंतर याच कामाला ‘समाजशिक्षण’ म्हणू लागले. अक्षरांबरोबर आरोग्य, नागरिकत्व, करमणूक, वाचनालय हे सगळे त्यात आले.

पुढचा टप्पा साताऱ्याचा. १९५९ मध्ये त्या जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली मुले संध्याकाळी शिकवत, त्यासाठी मानधन नव्हते. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मोहिमेवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. समारंभ उरकला की पुढे वाचायला काही नसे, त्यामुळे शिकलेली अक्षरे पुसली जात. तरी या मोहिमेने वयाची मर्यादा १४ ते ५० अशी धरली होती. चाळिशीतली बाई, पंचेचाळिशीतला शेतकरी तिच्या हिशोबात होता. गाव साक्षर झाले असे म्हणायचे तर हीच माणसे वगळून कसे म्हणणार?

१९७८ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत १० कोटी निरक्षरांना शिकवायचे, आणि वयोगट १५ ते ३५.

या एका आकड्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही. कार्यक्रमाची कल्पना खरोखर मोठी होती. नुसती साक्षरता पुरे नाही, तिच्या जोडीला कामातले कौशल्य हवे आणि आपल्या परिस्थितीची जाणीव हवी, असे तीन पदर त्यात होते. भूमिहीन मजुराने किमान वेतनाचा कायदा समजून घ्यावा, असे सरकारच्याच कागदांत लिहिलेले होते. इतक्या उदार कल्पनेला पस्तिशीचे कुंपण का घातले? कारणे उघड होती. पैसा मोजका होता आणि माणसेही. एका वर्गात साधारण ३० जण, वर्ग चालणार दहा महिने, शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये. मिळालेल्या रॉकेलवर कंदील जेवढा वेळ जळेल तेवढा वर्ग. अशा तुटपुंज्या साधनांत, ज्यांच्या हातून पुढची वीस-पंचवीस वर्षे काम व्हायचे आहे आणि ज्यांची मुले शाळेच्या वयात आहेत, त्यांच्यावर खर्च केला तर देशाला फळ लवकर मिळेल, असा तो हिशोब होता. अधिकाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे मांडला, यात शंका नाही.

हिशोब नियोजनाचा होता, गावाचा नव्हता. त्या काळी खेड्यात पस्तिशीची बाई बहुतेक वेळा सासू झालेली असे किंवा होण्याच्या बेतात असे. विशी-पंचविशीतली सून अंगावरचे मूल, चूल, पाणी आणि दुसऱ्याच्या शेतातली रोजंदारी यांतून रात्री वर्गाला येणार कशी? तिला थोडी तरी मोकळीक असेल तर ती सासूच्या मर्जीने. ज्या सासूला संध्याकाळी तासभर सवड होती आणि जिच्या शब्दावर घरातली बाई वर्गाला जाणार होती, तिलाच वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. बसायला तिला कुणी हरकत घेत नसे, शिकवणारी मुलगी ओळखीचीच असे. पण पटावर नाव नाही म्हणजे पाटी नाही, पुस्तक नाही, आणि वर्षअखेरीच्या आकड्यात ती नाही. ज्याची मोजणी होत नाही त्याच्यासाठी कुणी धडपडत नाही, हा सरकारी कामाचा सगळीकडचा अनुभव आहे.

दहा वर्षांनी चूक सुधारायची संधी आली होती. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. १९९५ पर्यंत ८ कोटी लोक साक्षर करायचे ठरले, वयोगट पुन्हा १५ ते ३५. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्याने ही चौकट मानली नाही. तिथल्या मोहिमेने साठीपर्यंतच्या माणसांना वर्गात घेतले. हजारो स्वयंसेवक घरोघरी गेले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तो जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. त्याच नमुन्यावर देशभर संपूर्ण साक्षरता अभियाने निघाली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा त्यात लवकर उतरले. कलाजथे, पथनाट्ये, तीन भागांची वाचनपुस्तके असा माहोल ज्यांनी पाहिला आहे, ते आजही त्या दिवसांबद्दल भरभरून बोलतात. मात्र एर्नाकुलमची पद्धत उचलताना तिचे मोकळे वय सगळीकडे उचलले गेले नाही. अनुदानाचा हिशोब पस्तिशीपर्यंतचाच राहिला.

वरची अट सुटली ती २००९ मध्ये. ८ सप्टेंबरला सुरू झालेल्या साक्षर भारत कार्यक्रमाने वयोगट ‘१५ आणि त्यापुढे’ असा केला, आणि ७ कोटींच्या उद्दिष्टात ६ कोटी स्त्रिया धरल्या. १९७८ ते २००९ म्हणजे ३१ वर्षे. १९७८ मध्ये छत्तीस वर्षांची असलेली बाई २००९ मध्ये सदुसष्ट वर्षांची होती.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिच्यातल्या थोरल्या आज्या याच पिढीच्या. साठ ते नव्वद वयाच्या बायका, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी आणि दुपारी शेतातली-घरातली कामे आटोपल्यावर दोन तासांचा वर्ग. शिवजयंतीला गावात चरित्राचे वाचन चालले होते, तेव्हा आम्हालाही वाचता आले असते तर, असे आज्यांनी शिक्षकाला सांगितले आणि त्यातून वर्ग उभा राहिला. नोकरी, कौशल्य, उत्पादन यांतले एकही कारण त्यात नाही. पोथी स्वतः वाचायची, बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची, एवढेच. जगभरच्या वाहिन्यांनी या शाळेची दखल घेतली. ती घेतली जात असताना आपण मात्र या बायका चाळीस वर्षांपूर्वीच शिकू शकल्या असत्या हे विसरलो, आणि मला हे लागते.

शहरातली गोष्ट थोडी वेगळी आहे, पण वळण तेच. १९६७ मध्ये मुंबईत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. युनेस्कोची मदत होती. कल्पना अशी की कामगाराला यंत्र, हिशोब, आरोग्य, कायदा, घरखर्च हे सगळे एकाच अभ्यासक्रमात मिळावे आणि वर्गाची वेळ पाळीप्रमाणे ठरावी. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणाऱ्या माणसाला मजुरी कापडाच्या मापावर मिळे. त्याला गणित शिकवायचे तर त्याच्याच पगाराच्या पावतीवर शिकवावे, हा विचार त्या काळात फार पुढचा होता. देशभर अशी केंद्रे वाढली. २००० मध्ये त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ च्या जुलैत ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. आता वयोगट १५ ते ४५ आहे, काही गटांना सूट आहे. शिवणकाम, ब्युटी पार्लर, विजेची कामे हे वर्ग गरजेचेच आहेत, त्यांतून अनेक घरे उभी राहिली. मात्र ज्याला पोटासाठी काही शिकायचे नाही, फक्त शिकायचे आहे, अशा पंचेचाळिशीपुढच्या माणसाचा त्यात विचार नाही.

असा विचार झाला तो विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांत, म्हणजे नेहमीच्या पदवीबाहेरचे अभ्यासक्रम सर्वांसाठी चालवणाऱ्या विभागांत. मुंबईत अशाच एका केंद्राच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमाला बँकेतले, आयटीतले, निवृत्त असे सगळे येत. या मंडळींनी सुट्टीच्या दिवशी साष्टी बेट, म्हणजे मुंबईची उपनगरे आणि ठाणे ज्यावर आहेत तो भाग, पायी पालथे घालून गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड) आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) नोंदवले. कुणाच्या अंगणात तर कुणाच्या देवळामागे शेंदूर फासून उभे असलेले दगड होते ते.

सध्याचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. त्यात वयाची वरची अट नाही, आणि ‘प्रौढ शिक्षण’ऐवजी ‘सर्वांसाठी शिक्षण’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचे पाच घटक आहेत. पाचवा निरंतर शिक्षणाचा, ज्यात कला, विज्ञान, संस्कृती, खेळ आणि मनोरंजनाचे अभ्यासक्रम अभिप्रेत आहेत. २०२४ ची चाचणी मात्र पहिल्याच घटकाची होती. महाराष्ट्रात या कामाची सुरुवातही सुरळीत झाली नाही. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, कारण अशैक्षणिक कामांचे ओझे आधीच डोईजड होते. पाचव्या घटकासाठी शाळा सुटल्यावरच्या वर्गखोल्या आणि सार्वजनिक ग्रंथालये वापरावीत, असे २०२० चे शैक्षणिक धोरण सांगते. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि अनुदानित ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत, कित्येक लहान गावांतही आहेत. त्यांतल्या ‘ड’, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल भागवतानाच ओढाताण होते. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग चालवायचा, तर शिकवणाऱ्याच्या मानधनाची तरतूद आधी करावी लागेल.