माइंडफुलनेस, साधं जगणं, रोजच्या वापरातलं तत्त्वज्ञान: ही पुस्तकं आली कुठून

या तिन्ही विषयांची पुस्तकं हल्ली एकाच कप्प्यात दिसतात आणि एकाचा वाचक दुसरं उचलतोच, त्यामुळे वाटतं की हे सगळं एकाच घराण्यातलं असणार. तसं नाहीये, मुळं वेगवेगळ्या देशांत आणि काळांत आहेत. पण एक गोष्ट कॉमन आहे आणि माझ्या मते तीच महत्त्वाची, ती म्हणजे यातलं बरंच मूळ लिखाण अडचणीत सापडलेल्या माणसांनी स्वतःसाठी नाहीतर जवळच्या लोकांसाठी केलेलं आहे, छापून विकायचं हे डोक्यातच नव्हतं.

स्टोइक मंडळींपासून सुरू करू, म्हणजे आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखून जगा असं सांगणारे जुने ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ. इ.स.पू. 300 च्या आसपास त्यांच्यातला पहिला, झेनो, अथेन्समध्ये शिकवायला लागला, पण आज आपण जास्त वाचतो ते पुढचे, रोमन काळातले स्टोइक. एपिक्टेटस जन्माने गुलाम. सुटका झाल्यावर तो शिकवायला लागला, पण स्वतःचं लिहिलेलं असं काही मागे ठेवलं नाही, आपल्याकडे आहेत त्या त्याचा विद्यार्थी एरियनने उतरवून घेतलेल्या नोट्स आणि त्यातूनच काढलेली एक छोटी पुस्तिका. तिची सुरुवातच थेट आहे: आपले विचार, आपली इच्छा हे आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, लोकांमधलं नाव हे नाही. ज्याचं शरीरसुद्धा एकेकाळी दुसऱ्याच्या मालकीचं होतं तो माणूस हे सांगतोय, हे लक्षात ठेवून वाचलं की प्रत्येक ओळीचं वजन बदलतं.

आणि हे वाचून घडलेला माणूस कोण, तर रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस. त्याच्या खासगी वहीच्या (आज ती ‘मेडिटेशन्स’ या नावाने वाचली जाते) पहिल्या भागात तो ज्याच्या ज्याच्याकडून काही शिकला त्यांची नोंद करतो, त्यात रुस्टिकस नावाच्या शिक्षकाने स्वतःकडची एपिक्टेटसची प्रत वाचायला दिली हेही लिहून ठेवलंय. 161 ते 180 हा त्याचा राज्यकाळ म्हणजे साथीचा रोग आणि सीमेवरच्या लढाया, वहीतली एक नोंद तर क्वाडी टोळ्यांच्या मुलुखातली आहे, म्हणजे ऐन मोहिमेवरची. पाचव्या भागाच्या सुरुवातीला हा सम्राट सकाळी अंथरुणातून उठायचा कंटाळा आलेल्या स्वतःला समजावतोय! तोच तोच मुद्दा तो पुन्हा पुन्हा लिहितो आणि नवीन वाचकाला ते रटाळ वाटतं, पण तो सराव आहे, गायक रोज तोच पलटा घोटतो तसा. हे पहिल्यांदा छापलं गेलं ते थेट 1559 मध्ये, झुरिकला.

हे लिखाण म्हणजे सराव आहे हे नीट मांडलं ते पिएर आदो या फ्रेंच अभ्यासकाने, 1981 च्या पुस्तकात. त्याच्या आधीच अल्बर्ट एलिस, एरन बेक यांच्यासारख्या थेरपिस्टनी स्टोइकांचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं.

माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जागेपणाने लक्ष देण्याचा, धागा बौद्ध. पाली ग्रंथांत ही साधना फार जुनी आहे, पण सामान्य माणसाने घरदार सांभाळून ध्यान करायचं ही लाट त्यामानाने नवीन, ब्रह्मदेशातली. 1885 मध्ये ब्रिटिशांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला पदच्युत केलं (तोच, ज्याला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं), आणि राजाश्रय गेल्यावर धर्म टिकणार कसा ही काळजी पडली. लेडी सयाडो या भिक्खूंनी मग साध्या बर्मी भाषेत लिहायला आणि गृहस्थांना शिकवायला सुरुवात केली. त्याच परंपरेतले ऊ बा खिन हे तर सरकारी अकाउंटंट जनरल, आणि त्यांचे शिष्य, विपश्यना शिकवणारे गोएंका, 1969 मध्ये भारतात आले.

दुसरीकडे व्हिएतनामचे भिक्खू थिक न्यात हान. 1974 मध्ये ते फ्रान्समध्ये होते, मायदेशी परतायची बंदी, आणि तिकडे युद्धात उद्ध्वस्त झालेली गावं उभी करणाऱ्या त्यांच्या तरुण कार्यकर्त्यांना त्यांनी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात भांडी घासताना फक्त भांडी घासा असं आहे, आता ते वाक्य सगळीकडे फिरतं पण ते कुणाला उद्देशून होतं हे गळून गेलंय, ज्यांचे सहकारी मारले जात होते त्या पोरांनी खचून जाऊ नये म्हणून ते होतं. पुढच्याच वर्षी त्या पत्राचं इंग्रजी पुस्तक झालं. मग 1979 मध्ये जॉन कबात-झिनने मॅसॅच्युसेट्सच्या एका मेडिकल स्कूलमध्ये, जुनाट दुखण्याने बेजार पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स काढला, त्यातून हा विषय हॉस्पिटलात शिरला.

साध्या जगण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकन लेखक थोरो 1845 ते 1847 वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी राहिला, घराच्या खर्चाचा हिशोब सेंटपर्यंत पुस्तकात दिला, आणि तिथे तो गीताही वाचत होता. गांधीजींनी 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना ट्रेनमध्ये रस्किन या इंग्रज लेखकाचं ‘अन टू धिस लास्ट’ वाचलं आणि लगेच फिनिक्स आश्रम उभा केला, म्हणजे एका पुस्तकामुळे माणसाने राहणीच बदलली. त्यांच्याजवळ राहून गेलेल्या रिचर्ड ग्रेग या अमेरिकन वकिलाने 1936 मध्ये स्वेच्छेच्या साधेपणावर लिहिलं. आणि 1955 मध्ये आर्थिक सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेलेला शूमाकर, त्याच्या 1973 च्या पुस्तकात बौद्ध अर्थशास्त्रावर अख्खं प्रकरण आहे, कमीत कमी वापरून जास्तीत जास्त सुखी कसं राहता येईल असा त्याचा प्रश्न. साधं जगणं म्हणजे फक्त कपाट आवरणं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं.