दुसऱ्या राउटरची वायर: वॅनमध्ये की लॅनमध्ये?

नाशकात सिडकोतलं रो-हाउस असो की गंगापूर रोडचा बंगला, प्रकार तोच. फायबरवाला खालच्या हॉलमध्ये डबा बसवून जातो. स्लॅबच्या वर रेंज मरते. मग घरातलं कुणीतरी दुसरा राउटर आणतं, खालून वर केबल ओढतं आणि मागच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये खुपसतं. नेट सुरू होतं, सगळे खूश. महिन्याभरात तक्रारी येऊ लागतात: टीव्हीवर मोबाइलचा स्क्रीन जात नाही, कॅमेरे दिसत नाहीत, प्रिंटर सापडत नाही. दोष राउटरला दिला जातो आणि तो बदलूनही आणला जातो. नवाही त्याच पोर्टला जोडल्यामुळे तक्रार तशीच राहते.

पहिला डबा तुम्हाला माहीत आहे, त्याच्यावर वेळ घालवत नाही. फायबर त्यात येते आणि घराला वायफाय मिळतं. बहुतेक घरांत ओएनटी (फायबरचा सिग्नल नेटमध्ये बदलणारं यंत्र) आणि राउटर एकाच डब्यात असतात. सगळ्यालाच ‘वायफाय’ म्हणायची सवय मात्र सोडा. फोनवर ‘वायफाय बंद आहे’ एवढंच सांगितलं, तर फायबर तुटली आहे, राउटर अडकला आहे की फक्त वरच्या मजल्यावर रेंज नाही, हे समोरच्याला कळायला काही मार्ग नसतो.

खरा घोळ दुसऱ्या डब्याचा आहे. राउटरच्या मागे एक वॅन पोर्ट असतो (बाहेरचं नेट आत घेणारा, बहुधा तो वेगळ्या रंगाचा) आणि दोन-चार लॅन पोर्ट (घरातली उपकरणं जोडायचे). रंग सोडला तर दिसायला सगळे सारखेच, केबलच्या टोकाच्या त्याच आरजे-४५ कनेक्टरचे. पण वायर वॅनमध्ये गेली तर तो डबा राउटर म्हणून काम करतो. लॅनमध्ये गेली, आणि पुढे सांगतो ते दोन बदल केले, तर तो नुसता ॲक्सेस पॉइंट होतो, म्हणजे मुख्य डब्याचंच नेटवर्क वायफायने पुढे पसरवतो. नेट दोन्हीकडे चालतं, म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडे एकच दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या. खोलीतून खोलीत जायला कुणाची परवानगी लागत नाही, बाहेर जायचं तर दिंडीतून. तुमचं घरचं नेटवर्क असंच आहे: वॅन ही दिंडी, लॅन हा चौक. आता दुसऱ्या राउटरच्या वॅनमध्ये वायर लावली, की त्याच चौकात आणखी एक छोटा वाडा उभा राहतो, स्वतःच्या दिंडीसकट. छोट्या वाड्यातली माणसं बाहेर पडून मोठ्या चौकात येऊ शकतात, तिथून रस्त्यावरही जातात. पण चौकातला माणूस छोट्या वाड्यात शिरू शकत नाही. त्या दिंडीला कडी आतून आहे. ही कडी म्हणजे नॅट, आतल्या उपकरणांचे पत्ते बाहेर न दाखवणारी राउटरची सोय. वॅन-लॅनमधून नेमकं काय बदलतं ते एवढंच: कोण कोणापर्यंत पोचू शकतं.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरी गेलो होतो. काकू म्हणाल्या, “वर बसून प्रिंट निघते, खाली बसून नाही. प्रिंटर दोनदा दुकानात नेऊन आणला, ते म्हणतात चांगला आहे.” मी प्रिंटरला हात लावला नाही. काकूंचा फोन घेतला, वायफायच्या नावावर टिचकी मारून आयपी (नेटवर्कमधला फोनचा पत्ता) पाहिला: १९२.१६८.१.३४. जिना चढून वरच्या वायफायवर तोच फोन जोडला: १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा बदलला, म्हणजे वाडे दोन. प्रिंटर वरच्या वाड्यात आणि काकू खालच्या चौकात. वायर वॅनमधून काढून लॅनमध्ये नेली, दोन सेटिंग बदलली आणि काकूंनी सोफ्यावर बसून लाइट बिलाची प्रिंट काढली. तुमच्या घरी आधी हेच करा: खाली आणि वर आयपी पाहा. पहिले तिन्ही आकडे दोन्हीकडे सारखे असतील तर चौक बहुधा एकच आहे.

आता ते दोन बदल. यांच्याशिवाय नुसती वायर हलवली तर आधीपेक्षा जास्त त्रास होतो. दुसरा राउटर मुख्य डब्याला जोडण्याआधी एकटाच कंप्युटरला जोडा. त्याचा लॅन आयपी मुख्य डब्याच्या मालिकेत आणा: मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य डबा ज्या पट्ट्यातले आयपी वाटतो, त्या पट्ट्याबाहेरचा आकडा घ्यायचा. दोघांचाही १९२.१६८.१.१ राहिला तर एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं, सगळी टपाल चुकते. मग दुसऱ्यातलं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याची सोय, बंद करा. हेच विसरलं जातं. आयपी वाटण्याचं काम घरात एकानेच करायचं. दोघं वाटू लागले की ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा आयपी फोन घेतो. दुसऱ्याचा मिळाला तर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि नेट नसतं. रिस्टार्ट केलं की कधी चालतं, कधी नाही. ‘राउटर मूडी आहे’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि दर वेळी डीएचसीपी चालू सापडलंय.

दोन्ही बदल सेव्ह केले की खालच्या डब्याच्या लॅनमधून वरच्याच्या लॅनमध्ये वायर. वॅन रिकामा. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा, ही कामं तो स्वतः करतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये मग वॅन पोर्टही लॅनसारखाच वागतो. घर एकाच कुटुंबाचं असेल तर मी दुसरा कुठलाही मार्ग सुचवत नाही.

वॅनची जोडणी भाडेकरूसाठी ठीक, असं सगळे सांगतात, आणि इथे उलटा गैरसमज आहे. कॉलेज रोडला वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांना वेगळा राउटर वॅनने जोडून दिला, म्हणजे घरमालक सुरक्षित झाला? नाही. वाडा पुन्हा आठवा. आतल्या वाड्यात भाडेकरू आहे, कडी त्याच्या हातात. तुम्ही त्याच्याकडे जाऊ शकत नाही. तो मात्र तुमच्या चौकातून ये-जा करतो. तुमचा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि मुख्य डब्याचं लॉगिन पान, दोन्ही त्याच्या आवाक्यात. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर संपलंच. उपाय असा: घरमालकानेही स्वतःचा राउटर घ्यावा आणि तोही वॅनने मुख्य डब्याला जोडावा. आपली सगळी उपकरणं त्याच्या आत न्यावीत, मुख्य डब्याचा पासवर्ड बदलावा आणि त्याचं वायफाय बंद करावं. चौकात मग कुणीच राहत नाही, दोघंही आपापल्या कडीच्या आत.

केबलबद्दल थोडक्यात. कॅट-५ई की कॅट-६, केबलच्या या दोन प्रकारांवर दुकानात वाद घालू नका. घरातल्या वीस-तीस मीटरला गिगाबिटसाठी (१००० एमबीपीएस) दोन्ही पुरतात, मर्यादा १०० मीटरची आहे. सरळ की क्रॉस (दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा की वेगळा) हा प्रश्नही आता संपला, पोर्ट स्वतःच जुळवून घेतात. पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल घेऊ नका. वाकवताना तुटते, क्रिंपमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या कनेक्टरमध्ये) सैल होते, आणि एकदा भिंतीतल्या पाइपात गेली की ती काढायला तुम्ही परत पैसे देता. शुद्ध तांब्याचीच मागा, टोक सोलून ब्लेडने खरवडून पाहा: आतून पांढरी निघाली तर परत द्या. लाइटच्या वायरच्या पाइपातून तर नेटची कुठलीच केबल नेऊ नका.

शेवटी वर बसून, लॅपटॉप वायरने लावून स्पीड तपासा. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आकडा ९४-९५ ला अडकलेला असेल, तर आधी राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का ते पाहा. असतील तर बहुधा आठपैकी एखादी तार बसलेली नाही. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोन्ही टोकं कापा आणि पुन्हा क्रिंप करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच क्रम.