केळी लाल रकान्यात का आली?

रक्त देऊन 'फूड इनटॉलरन्स'चा, म्हणजे कोणतं अन्न सोसत नाही याचा, रिपोर्ट मागवायची टूम आता आपल्याकडेही आली आहे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाच्या रिपोर्टात लाल, म्हणजे 'सोसत नाही'च्या, रकान्यात गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ आणि केळी निघाली, तर नवल वाटायला नको. ब्लूबेरी आणि सामन मासा हिरव्यात असणारच. ते आपल्या पोटात गेलेत कधी?

यातल्या बहुतेक चाचण्या रक्तातली 'आयजीजी' प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजतात. जो पदार्थ आपण वारंवार खातो, त्याची शरीराला ओळख होते आणि ही प्रतिपिंडं तयार होतात. निरोगी माणसातही ती असतात. किराणा दुकानाच्या वहीवरून नेहमीचं गिऱ्हाईक कोण ते कळतं, भांडखोर कोण ते कळत नाही, तसंच हे. म्हणूनच युरोपच्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 मध्ये आणि कॅनडाच्या तज्ज्ञ संघटनेने 2012 मध्ये, अन्न सोसत नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नये, असं स्पष्ट सांगितलं. तरी ती विकली जाते, महाग विकली जाते, आणि रिपोर्ट बघून लोक एका दिवसात पंधरा पदार्थ बंद करतात.

पोट मात्र खरंच दुखत असतं, हे विसरून चालणार नाही. रिपोर्ट चुकीचा म्हणजे त्रास खोटा, असं नाही.

वरण-बट्टीचंच घ्या. गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मका, बट्टी उकडून तळलेली, वर तूप, सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. जेवल्यावर पोट फुगलं की दोष गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाला. पण गव्हात, कांद्यात, लसणात फ्रुक्टन नावाची साखळीदार शर्करा असते, आणि डाळींत तशीच गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाची शर्करा. माणसाच्या आतड्याला या दोन्ही फोडता येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. तो सगळ्यांनाच होतो, पण ज्यांचं आतडं संवेदनशील त्यांना तो टोचतो. मग गहू सोडून माणूस कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर येतो आणि तरी पोट फुगतंच. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण कळण्यात उडीद आहे ना! थोडे दिवस निव्वळ ज्वारीची भाकरी खाऊन बघितली, तर दोष उडदाचा होता की नाही हे कळेल.

केळ्याचंही तसंच. पिकत जातं तसं त्यातलं फ्रुक्टन वाढतं, त्यामुळे काळे ठिपके पडलेलं केळं ज्याला बाधतं त्याला जरा कच्चट केळं चालू शकतं. लसणाचं फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. फोडणीत लसूण परतून काढून टाकला की स्वाद राहतो, त्रास टळतो.

दुधासाठी मात्र नीट चाचणी आहे. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. कपभर, म्हणजे 250 मिली दुधात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एवढं जेवणासोबत सोसतं. ताक, दही त्याहून सोपं. तुपात ते जवळजवळ नसतंच, तेव्हा बट्टीवरचं तूप यासाठी सोडायची गरज नाही.

गव्हाबाबत एक सावधगिरी. सिलिअॅक आजाराची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, शंका असेल, तर 'टीटीजी-आयजीए' ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी. आधी गहू सोडला तर खरा आजारही रिपोर्टात दिसत नाही. शेंगदाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर ती अॅलर्जी. तिथे घरचे प्रयोग नकोत. धाप लागली की थेट दवाखाना.

बाकीच्यांनी वहीत आठवडाभर जेवण आणि त्रास वेळेसह लिहावा. मग ज्यावर संशय आहे असा पदार्थांचा एकच गट (समजा, डाळी) दोन ते चार आठवडे बंद ठेवावा आणि फरक पडला तर पुन्हा सुरू करावा: पहिल्या दिवशी चतकोर, मग अर्धी, मग पूर्ण वाटी. पुन्हा सुरू करण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि वर्षानुवर्षं उगाच डाळीविना राहतात. बऱ्याचदा असं निघतं की अर्धी वाटी वरण चालतं, दोन वाट्या चालत नाहीत. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.