पासवर्ड ‘एन्क्रिप्ट’ केला होता म्हणजे नेमकं काय केलं होतं?

एखाद्या वेबसाइटवरून माहिती चोरीला गेली की खुलासा येतो: ‘पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, काळजी नसावी.’ हे शब्दशः खरं असेल, तर काळजी करायलाच हवी. एन्कोडिंग, एन्क्रिप्शन आणि हॅशिंग हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण तिन्हींची कामं वेगळी आहेत.

एन्कोडिंग म्हणजे नुसती लिपी बदलणं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘क’चा क्रमांक २३२५; यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तो २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत (एक बाइट म्हणजे ० किंवा १ असे आठ बिट) बसतो. बेस-६४ हे दुसरं एन्कोडिंग त्याच २४ बिटांचे सहा-सहाचे चार तुकडे पाडतं (५६, १०, १८, २१) आणि प्रत्येक आकड्याला ठरलेलं अक्षर देतं. दिसायला अगम्य, पण तक्ता जगजाहीर आहे. बेस-६४ मध्ये ठेवलेला पासवर्ड उघडाच असतो, वर जागा एक तृतीयांश जास्त लागते.

एन्क्रिप्शनला किल्ली लागते. २००१ साली अमेरिकेत मानक ठरलेली एईएस पद्धत १२८ बिटांचा एकेक ठोकळा किल्लीने बंद करते. किल्ली असेल तोच उघडतो. ‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’ नावाची वेगळी पद्धत नाही. जाहिरातीतले ते शब्द बहुधा याच एईएसबद्दल असतात, आणि ती तुमचा ब्राउझरही वापरतो.

निरोप, फायली, बॅकअप परत वाचायचे असतात, म्हणून तिथे एन्क्रिप्शन योग्य. पासवर्ड सर्व्हरला परत वाचायचाच नसतो. जुळतो की नाही एवढंच बघायचं असतं. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीचे पासवर्ड फुटले, ते एन्क्रिप्ट केलेले होते. सगळ्यांना किल्ली एकच आणि आठ-आठ बाइटांचा प्रत्येक ठोकळा सुटा, त्यामुळे सारख्या पासवर्डांचं रूपही सारखंच. पासवर्ड आठवावा म्हणून वापरकर्त्यांनी लिहिलेले इशारेही त्याच्या शेजारीच उघडे. किल्ली न मिळताही असंख्य पासवर्ड ओळखता आले.

हॅशिंग म्हणजे मजकुरावरून ठरावीक लांबीचा ठसा (हॅश) काढणं, आणि त्याला परतीची वाट नाही. शा-२५६ या हॅश पद्धतीला एक अक्षर द्या वा अख्खी फाइल, उत्तर २५६ बिटांचंच येतं, आणि एक बिट बदलला तरी उत्तरातले सुमारे निम्मे बिट बदलतात. लॉगिनच्या वेळी टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश काढून साठवलेल्याशी ताडून बघायचा. पण चोराला उलट जायची गरज नसते; नेहमीचे पासवर्ड घ्यायचे, हॅश काढायचे, जुळवायचे. शा-२५६ वेगवान आहे, ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज होतात.

म्हणून आधी सॉल्ट: प्रत्येक खात्यासाठी वेगळे १६ यादृच्छिक बाइट पासवर्डला जोडायचे, मग हॅश. सॉल्ट गुप्त नसतं, हॅशशेजारीच ठेवतात. त्याने सारख्या पासवर्डांचे हॅश वेगळे होतात आणि नेहमीच्या पासवर्डांच्या हॅशचे चोरांनी आधीच बनवलेले तक्ते कुचकामी ठरतात. दुसरा उपाय मुद्दाम केलेली दिरंगाई. १९९९ च्या बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅश पद्धतीत खर्चाचा आकडा १२ ठेवला तर मुख्य फेरा ४०९६ वेळा चालतो, १३ ठेवला तर दुप्पट. आर्गॉन-२ ही अशीच दुसरी पद्धत भरपूर मेमरीही अडवते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा फायदा घटतो.

देवनागरी पासवर्डांत दोन खाचखळगे आहेत. बीक्रिप्टच्या बऱ्याच लायब्रऱ्या (प्रोग्रॅमरना मिळणारे तयार कोड) ७२ बाइटांपुढचं बघतच नाहीत. आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे जेमतेम २४ चिन्हं. आणि ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ’ एक कीबोर्ड एकाच चिन्हाने (२३५३) लिहितो, तर दुसरा ‘र’ आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब (२३५२, २३६४), अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर फरक दिसत नाही, हॅश मात्र पूर्ण वेगळा येतो आणि अचूक पासवर्ड नाकारला जातो. हॅश काढण्याआधी युनिकोड नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे अशी वेगवेगळी रूपं एकाच ठरलेल्या रूपात आणली, तर हा घोळ होत नाही; ते नोंदणीच्या वेळीही करायचं आणि लॉगिनच्या वेळीही.